बंगल्यावरचा लाल

कात्रजच्या डेअरीच्या मागच्या बाजूला रो-हाउसेसची एक जुनी सोसायटी आहे. तिथे प्रेमला रणपिसे कुठे राहते असं विचारलं, तर वॉचमन घराचा नंबर सांगत नाही. ‘लाल वेलाचं घर’ एवढंच म्हणतो आणि हात करतो. फेब्रुवारीत तेवढंही सांगावं लागत नाही. फाटकापासून वरच्या खिडकीपर्यंतची भिंत दिसेनाशी होते आणि गल्लीच्या तोंडाशीच वास येतो, गुलकंदाची बरणी उघडल्यासारखा.

हा गुलाब बाजारात मिळत नाही. त्याचं खरं नाव कोणालाच ठाऊक नाही. प्रेमलाचा नवरा समाधान पाटबंधारे खात्यात कारकून होता. धरणावरच्या एका इंग्रजी अमदानीतल्या विश्रामगृहातून त्याने त्याची काडी आणली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून. म्हणून घरात त्याचं नाव ‘बंगल्यावरचा’. काळपट लाल, भरगच्च पाकळ्यांचा आणि मानेत नाजूक. फूल उमललं की खाली वाकतं. झुडपावर असतं तर कोणी त्याला नावं ठेवली असती, पण हा डोक्यावर चढणारा वेल. खाली उभं राहून वर पाहिलं की प्रत्येक फूल आपल्याकडेच बघत असतं.

काडी देताना तिथल्या माळ्याने समाधानला बजावलं होतं, याला कात्री लावायची नाही. याची फुलं गेल्या वर्षीच्या लाकडावर येतात. लाकूड कापलं की फूल गेलं. आणि फांदी सरळ वर जाऊ द्यायची नाही, वाकवून भिंतीला आडवी बांधायची. उभ्या फांदीला फक्त शेंड्याला फूल येतं, आडवीला डोळ्याडोळ्यातून. दर दिवाळीच्या सुट्टीत समाधान स्टुलावर चढून फांद्या आडव्या करायचा आणि प्रेमला खालून जुन्या सुती साड्यांच्या चिंध्या फाडून द्यायची. तार काचते म्हणून तार नको असायची. त्यांची एकुलती मुलगी कल्याणी स्टूल धरायला असायची. स्टूल धरण्यापेक्षा बापाला सूचना देण्यात तिचा जास्त वेळ जायचा.

प्रेमला खडकीची. वडील सीताराम दारूगोळा कारखान्यात कामगार होते. छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर त्यांनी घरातले देव मुळेच्या पाण्यात सोडले आणि त्या कोनाड्यात मुलांची पुस्तकं ठेवली. मुलीला कॉलेजात घालताना त्यांनी एकच अट घातली. कोणी काही बोललं तर घरी येऊन रडायचं नाही, जिथल्या तिथे उत्तर द्यायचं. प्रेमलाने ती अट पाळली. बी. ए. झाली, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर लागली. तिथे पहिल्याच वर्षी संक्रांतीला एका बाईने सगळ्यांना वाण दिलं आणि हिच्या खुर्चीपाशी आल्यावर अडखळून विचारलं, “तुमच्यात चालतं का हो?” प्रेमलाने कानावरचा हेडफोन न काढता सांगितलं, “आमच्यात सगळं चालतं. तुमच्यात काय काय चालतं ते एकदा घरी विचारून या.” त्या दिवसापासून एक्स्चेंजमध्ये तिच्याशी बोलताना लोक आधी वाक्य मनात जुळवून बघत.

अशी बाई एका ऑक्टोबरात गप्प बसली. ही गोष्ट त्या गप्प बसण्याची आहे.

समाधान करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. पाच दिवस प्राणवायूवर होता, आणि मायलेकींना काचेतूनही नीट बघता आलं नाही. त्यानंतर प्रेमलाला एक सवय लागली. कल्याणी हिंजवडीहून निघाली की ती अर्ध्या-अर्ध्या तासाने फोन करायची. कल्याणी वैतागून म्हणायची, “आई, मी ट्रॅफिकमध्ये आहे, ट्रॅफिकमध्ये कोणी मरत नाही, सडतात.” बोलण्यात लेक आईच्या वर होती. आजोबांची अट तिला कोणी घातलीच नव्हती, ती रक्तातून आली होती.

कल्याणीने लग्न ठरवलं तेही तिच्या पद्धतीने. ऑफिसमधला केयूर, सहकारनगरचा. मूळ घर बुधवार पेठेत, आजोबांचं पुस्तकांचं दुकान. मुलगा शांत होता, इतका शांत की प्रेमलाला शंका यायची. त्याच्या आईला, सुहासिनीबाईंना, हे लग्न पचायला वर्ष लागलं. त्या वाईट काही बोलल्या नाहीत. आमचं काही म्हणणं नाही, एवढंच दर भेटीत म्हणत राहिल्या आणि तारीख काढत नव्हत्या. एकदा त्यांनी कल्याणीला विचारलं की गौरी-गणपतीत काय करणार. कल्याणी म्हणाली, “मोदक खाईन. हात जोडायला लावू नका.” सुहासिनीबाई हसल्या. आईला उलट बोलणारं घरात कोणीतरी हवंच होतं, असं केयूर म्हणाला. प्रेमलाला मात्र त्या हसण्याची धास्ती वाटली. एक्स्चेंजमध्ये तिने आयुष्यभर नुसते आवाज ऐकले होते. कुठला आवाज राग मागे ठेवून बोलतो, हे तिला कळायचं.

शेवटी फेब्रुवारीतली तारीख निघाली. कल्याणीची एकच मागणी होती. लग्न हॉलमध्ये नको, आपल्या दारात, वेलाखाली. बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोंना आणि पप्पांच्या फोटोला त्याच वेलाची फुलं. फुलांवर कोणी एक रुपया घालवायचा नाही. सोसायटीनेही गल्ली अडवायला परवानगी दिली. प्रेमला त्या दिवसापासून वेलाकडे पोरीसारखं बघायला लागली. पान पिवळं पडलं तरी तिला झोप लागत नसे.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात सुहासिनीबाई साड्यांचे नमुने दाखवायला आल्या. कल्याणी ऑफिसला होती. सुहासिनीबाईंच्या गच्चीवर गुलाबांच्या साठेक कुंड्या. प्रदर्शनात बक्षिसं मिळवलेल्या बाई. गुलाबाबद्दल बोलताना त्या समोरच्याचं ऐकत नसत, आणि ऐकावं असं समोरच्याला सहसा काही माहीतही नसे. फाटकातच थांबून त्यांनी वर पाहिलं.

“अहो प्रेमलाताई, हे काय जंगल वाढवलंय? किती वर्षांत छाटलं नाही?”

प्रेमला म्हणाली की याला छाटत नाहीत, हे वेगळं आहे, आमचे हे म्हणायचे. वाक्य तिथेच तुटलं. सुहासिनीबाई मायेने हसल्या. भाऊसाहेब प्रेमाने करत असतील, पण गुलाब म्हटला की ऑक्टोबरात छाटणी, दुसरी गोष्ट नाही. फेब्रुवारीत फुलं हवीत ना? मग आजच. आणि याची फुलं फोटोत पाहिलीत मी, मान धरत नाहीत, खाली पडतात, जुनं लाकूड थकलं की असंच होतं. त्यांच्या गाडीच्या डिकीत सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, होतं, हातमोजे होते. मोजे चढवता चढवता त्यांनी विचारलं, “चालेल ना?”

प्रेमलाच्या तोंडात उत्तर होतं. ‘नको’ हा दोन अक्षरांचा शब्द, आयुष्यभर वापरून गुळगुळीत झालेला. पण त्याच वेळी तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. बाईंनी आज पहिल्यांदा ‘आमचं काही म्हणणं नाही’ म्हटलेलं नाही. आज पहिल्यांदा त्या स्वतःहून काहीतरी करायला निघाल्यात. एका झाडासाठी त्यांना दुखवलं तर तो राग माझ्यावर निघायचा नाही, कल्याणीवर निघेल, स्वयंपाकघरात, रोज थोडा थोडा.

“तुम्हाला जास्त कळतं,” प्रेमला म्हणाली.

मनगटाएवढ्या फांद्यांना सिकेटर पुरेना, तेव्हा सुहासिनीबाईंनी करवत मागितली आणि प्रेमलाने समाधानची करवत माळ्यावरून स्वतः काढून दिली. तासाभरात भिंत उघडी पडली. इतक्या वर्षांत तिथला रंग ऊन न लागल्यामुळे जसाच्या तसा राहिला होता. आजूबाजूची भिंत मळकी आणि मधे वेलाच्या आकाराचा पिवळा डाग. जमिनीपासून गुडघाभर खुंट उरले. चिंध्यांच्या गाठी फांद्यांसकट खाली पडल्या, एकीवर प्रेमलाच्या निळ्या कोटा साडीचा काठ होता. सुहासिनीबाईंनी कापलेल्या टोकांना औषध लावलं, घाम पुसला, सरबत घेतलं. खरोखर मेहनत केली होती त्यांनी. जाताना म्हणाल्या की आता बघा कशी फुलते ते.

संध्याकाळी कल्याणी आली. गाडी बंद न करताच तिने विचारलं, कोणी केलं हे. प्रेमलाने उत्तर तयार ठेवलं होतं. मीच माळी बोलावला, म्हणाली. उंदीर झाले होते त्यात, मंडपवाल्यालाही जागा हवी. कल्याणी बराच वेळ भिंतीवरच्या डागाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “पप्पांना विचारायचंस तरी.” आणि आत गेली. मेलेल्या माणसाला काय विचारायचं, असं प्रेमला म्हणू शकली असती. ती पडलेल्या गाठी गोळा करत बसली.

फेब्रुवारीत खुंटांना जोमदार हिरव्या फांद्या आल्या, लाल कोवळी पानं आली. कळी एकही नाही. प्रेमला रोज सकाळी उठून प्रत्येक डोळा तपासायची. तिला माहीत होतं, तरी तपासायची. लग्नाच्या आदल्या दिवशी सुहासिनीबाईंनी मार्केटयार्डातून बादल्या भरून गुलाब पाठवले, लांब दांड्याचे, प्रत्येक कळीला जाळी घातलेले, वासाचं नाव नाही. त्याच फुलांचा मंडप झाला.

पाहुण्यांत सुहासिनीबाई पैठणी नेसून उभ्या होत्या. त्यांच्या नणंदेने भिंतीकडे बघून विचारलं की हाच का तो वेल, केयूर एवढा सांगायचा तो. त्या म्हणाल्या, “हो ना. ऑक्टोबरात मी स्वतः उभं राहून छाटली, अगदी नियमात. पण एखादी…” आणि जरा थांबून म्हणाल्या, “एखादी व्हरायटीच तशी असते. तिला काय करणार?” मधे कुठला शब्द गाळला ते प्रेमलाला कळलं. गाळण्याचे कष्ट घेतले, तेही कळलं. त्याबद्दल आभार मानायचे की काय, हे तिला ठरवता आलं नाही.

पांढऱ्या साडीतली कल्याणी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिनेही ऐकलं. वंदना सुरू व्हायला अवकाश होता. ती आईच्या कानाशी वाकली.

“तू म्हणालीस माळी बोलावला.”

“एवढं काय त्यात. वेलच आहे. पुन्हा येईल.”

“तू त्यांना नको म्हणाली नाहीस?”

प्रेमलाने तिच्या खांद्यावरचा पदर सारखा केला. बापाच्या फोटोला फूल वाहताना कल्याणीने त्या कळीची जाळी काढली, ती जाळी मुठीतच राहिली, आणि पंचशील म्हणताना जोडलेल्या हातांतून प्लास्टिकचं टोक बाहेर दिसत होतं. फोटोग्राफरने नंतर सांगितलं की ते फोटोत घालवता येईल.

पुढच्या वर्षी वेल फुलला. फुलणारच होता, कारण आता लाकूड वर्षाचं झालं होतं आणि दिवाळीत प्रेमलाने एकटीने, स्टूल भिंतीला टेकवून, फांद्या आडव्या बांधल्या होत्या. पण सुहासिनीबाईंनी छाटणीआधीचा आणि आताचा फोटो शेजारी शेजारी लावून त्यांच्या बागप्रेमी ग्रुपवर टाकला. एका रविवारी ग्रुपातल्या काही बायकांना घेऊन त्या आल्याही. भिंतीवर हात ठेवून त्यांनी समजावलं की धीर करून सगळं जुनं लाकूड काढलं, म्हणून हे दिसतंय. बायकांनी माना डोलावल्या. प्रेमला चहा ओतत होती आणि तिचं लक्ष कल्याणीकडे होतं. कल्याणी कपांचा ट्रे घेऊन उभी. तिला हा सगळा खोटेपणा कळत होता. एकेकाळी तिने चार वाक्यांत बायकांसमोर सोक्षमोक्ष लावला असता. आता तिने तोंड उघडलं, सुहासिनीबाईंकडे पाहिलं, आणि साखर हवी का कोणाला असं विचारलं.

त्या दिवसापासून प्रेमलाच्या जिवाला घोर लागला. मारझोड नव्हती, उपासमार नव्हती, कोणाला सांगावं असं काहीच नव्हतं. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, नशीब काढलं पोरीने. पण फोनवर कल्याणी आता ‘बघते’, ‘विचारते’, ‘त्यांचं काय आहे ते बघून सांगते’ असं बोलायला लागली. गणपतीत केयूरने स्टेटसवर फोटो टाकला. आरती चाललेली, कल्याणी ताट धरून पुढे उभी. प्रेमलाने फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. ताटामुळे बाकी काही दिसत नव्हतं. ताट तिने मनाने धरलं असेल, तर काही म्हणणं नव्हतं. तेच तिला विचारता येईना.

ऑक्टोबर आला आणि सुहासिनीबाईंचा फोन आला. आवाज प्रसन्न होता. रविवारी येतेय, कल्याणीलाही आणते, तीही शिकेल, उद्या तिलाच करायचं आहे सगळं.

“नको,” प्रेमला म्हणाली. “यंदा कात्री लावायची नाही.”

“अहो, पण मागच्या वेळी छाटली म्हणून तर…”

“मागच्या वेळी छाटली म्हणून माझ्या मुलीच्या लग्नात फूल नव्हतं. तेव्हाच सांगायला हवं होतं मी. आता सांगते.”

लाइन चालू आहे हे प्रेमलाला श्वासावरून कळत होतं. मग सुहासिनीबाई म्हणाल्या, “बरं. तुमचं झाड.” आणि फोन ठेवला.

प्रेमलाला कितीतरी महिन्यांनी हलकं वाटलं. तिने चहा केला, तो फाटकाशी उभं राहून प्यायली. समाधान असता तर म्हणाला असता, आली का गाडी रुळावर. कल्याणीला हे कळेल तेव्हा ती काय म्हणेल, याचीही तिने मनात उजळणी केली.

कल्याणीचा फोन त्याच संध्याकाळी आला. ती दबक्या आवाजात बोलत होती, बहुतेक जिन्यातून.

“आई, काय गरज होती?”

प्रेमला म्हणाली की खरं तेच बोलले, तूच म्हणाली होतीस ना नको का म्हटलं नाहीस.

“तेव्हा म्हणायचं होतंस. तेव्हा मी तुझ्या घरात होते. आता तू बोललीस आणि मोकळी झालीस, मला त्यांच्यासमोर जेवायला बसायचंय. दुपारपासून बोलल्या नाहीत त्या. केयूर म्हणतोय तुझ्या वतीने सॉरी म्हणून टाक.” मग थकल्यासारखी म्हणाली, “एवढं काय होतं त्यात. वेलच तर आहे. पुन्हा आला असता.”

तिने माफी मागितली की नाही, हे प्रेमलाने कधी विचारलं नाही. स्वतः मात्र तिने सुहासिनीबाईंना उलटा फोन केला नाही. रविवारी कोणी आलं नाही. दिवाळीत तिने पुन्हा फांद्या वाकवल्या, चिंध्या बांधल्या. वरच्या फांदीला हात पोचेना तेव्हा ती तशीच उभी सोडली.

यंदाचा फेब्रुवारीतला बहर त्या वेलाचा सगळ्यात मोठा होता असं सोसायटीतले लोक म्हणतात. रिक्षा थांबायच्या. शाळेतून येणाऱ्या पोरी खाली उभ्या राहून फोटो काढायच्या. प्रेमलाने कल्याणीला फोटो पाठवले. अंगठा आला. या रविवारी ये म्हटलं, तर ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. पुढच्या रविवारी केयूरच्या मावशीकडे बारसं. त्याच्या पुढच्या रविवारचं कारण कल्याणीने सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही.

ती आली मार्च संपता संपता, दुपारची, एकटी. उन्हाने फुलांचा रंग उडाला होता. हा लाल पांढरा पडत नाही, जांभळट होतो, जुन्या जखमेसारखा, आणि पाकळ्या कडेने कागदासारख्या वाळतात. कल्याणी फाटकाशी थांबून वर बघत राहिली. बहर मोठा होता गं, एवढंच म्हणाली. जेवली. आईच्या हातची सुकट तिने दोनदा घेतली. तिकडे अर्थात होत नाही. चार वाजल्यापासून ती मोबाइलमध्ये वेळ बघायला लागली. प्रेमलाला विचारायचं होतं, तू बरी आहेस ना. तिने विचारलं, ताक घेतेस का.

निघताना प्रेमलाने दाराआडून एक पुडकं काढलं. सकाळीच तिने वेलाची एक पक्की काडी निवडून काढली होती, जेमतेम हातभर, आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. तिथे गच्ची मोठी आहे, ऊन आहे, एका कोपऱ्यात लाव, म्हणाली. पप्पांनी अशीच आणली होती.

कल्याणीने पुडकं हातात घेतलं. फडकं ओळखीचं होतं, तिच्याच लहानपणीच्या फ्रॉकचं. तिने अंगठ्याने काडीवरचा डोळा चाचपला, लहानपणी बाप दाखवायचा तसा. मग पुडकं परत आईच्या हातात दिलं.

“नको आई,” ती म्हणाली. “तिकडे ऑक्टोबरात सगळं छाटतात.”

तिने हेल्मेट घातलं आणि गाडी काढली. गल्लीच्या टोकाला ती वळेपर्यंत प्रेमला पुडकं धरून उभी होती. उन्हात फडकं वाळायला लागलं, तेव्हा ती आत गेली आणि काडी पाण्याच्या पेल्यात ठेवली.